जुनी स्पोर्ट्स कार मिसिंग मारते, मधेच बंद पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९८ सालची दोन दारांची एक गाडी आहे. वडिलांच्या मित्राने परदेशातून कायमचं परत येताना सोबत आणलेली, आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती जितक्या वेळा बंद पडली त्यातल्या निम्म्या वेळा चूक माझी होती. एरंडवण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचं बोनेट इतक्या वेळा उघडलेलं दिसतं की वॉचमन आता "आज काय?" एवढंच विचारतो. जुन्या गाड्या बाळगणारे ओळखीचे लोक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. गाडी सॅन स्टॉर्म असो, जुनी व्हीटेक सिटी असो नाहीतर बाहेरून आलेली मियाटा, इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण नीट दाबलं जाणं) एवढंच लागतं. चारातलं काय कमी पडतंय आणि केव्हा, ते शोधायचं.

मिसिंग मारणं आणि बंद पडणं एकच का?

नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ८०० आरपीएम धरले तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतं. त्यातल्या काही वेळा एखादं सिलिंडर पेटलंच नाही की स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरमधून फट-फट ऐकू येतं, पिकअप जातो. हे मिसिंग. सगळी सिलिंडरं एकदम थांबली तर ते बंद पडणं, आणि त्याचं कारण सहसा सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत सापडतं: पेट्रोलचा पंप, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), मेन रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), इंजिनाच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग. चारातलं एकच सिलिंडर सुटत असेल तर पंपाच्या मागे लागू नका. पंप चौघांना सारखंच पेट्रोल देतो.

सुरुवात कुठून करायची? मेकॅनिक म्हणतो आधी प्लग आणि कॉइल बदलून बघू.

वहीपासून. "बदलून बघू" हे पुण्यातल्या गॅरेजमधलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

आठवडाभर गाडी चालवा आणि प्रत्येक झटक्याची नोंद करा. इंजिन थंड होतं की गरम? कितव्या गिअरमध्ये, किती आरपीएमला? पाय दाबताना की सोडताना? एसी चालू होता? टाकीत पेट्रोल किती होतं? आदल्या रात्री पाऊस पडला होता का? वेडेपणा वाटेल, पण सात-आठ नोंदी झाल्या की गाडी स्वतःच सांगायला लागते. सकाळी दोन मिनिटं थरथरून मग शांत होते म्हणजे थंड इंजिनाला लागणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडलंय, किंवा कुठून तरी हवा ओढतेय आणि गरम झाल्यावर रबर फुगून ती फट बुजतेय. टाकी पाव भरलेली असतानाच डाव्या वळणावर अडखळते म्हणजे पंप पेट्रोलऐवजी हवा उचलतोय. माझ्या वहीत एकदा ओळीने चार वेळा "कर्वे रोड, सिग्नल, एसी चालू" असं आलं. पुढचं निदान पाच मिनिटांत झालं.

सिग्नलला क्लच दाबला की आरपीएम खाली जातात आणि गाडी बंद पडते. कशाने?

वरच्या कर्वे रोडवाल्या नोंदींचं उत्तर हेच. पाय सोडल्यावर थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) पाकळी मिटते आणि इंजिनाला लागणारी थोडी हवा आयडल व्हॉल्वमधून जाते. तिथे काळं, चिकट कार्बन साचलं की व्हॉल्व वेळेत उघडत नाही. त्यात एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिनाचा जीव जातो. थ्रॉटल बॉडी आणि व्हॉल्व उतरवून क्लीनर स्प्रेने धुवा, पाकळीच्या कडेवरचा काळा थर जुन्या टूथब्रशने काढा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका आणि नंतर स्कॅनरवरून तिचं ॲडॅप्टेशन करून घ्या (कॉम्प्युटरला पाकळीची जागा नव्याने शिकवा), नाहीतर आयडलिंग आधीपेक्षा वाईट होतं आणि तुम्ही मला शिव्या घालता.

धुऊन फरक पडला नाही तर व्हॅक्युमची गळती, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे इंजिन चोरून हवा ओढतंय अशी फट, शोधा. पंचवीस वर्षांच्या गाडीत रबरी पाइप बिस्किटासारखे मोडतात. बोटाने वाकवून बघा, भेग दिसेल. इंजिन चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) जोडांवर पाणी उडवा. ज्या जागी आवाज बदलतो तिथे फट. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून मी पाण्यावरच भागवतो.

व्हॅक्युम गेज लावत असाल तर एक लक्षात घ्या. पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा (पाऱ्याचे इंच) आकडा समुद्रसपाटीचा आहे. साधारण दर ३०० मीटर उंचीला एक इंच कमी होतो आणि पुणं ५६० मीटरवर आहे. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारं निरोगी इंजिन इथे १७ दाखवेल. काट्याचा थरथराट मात्र कुठल्याच उंचीवर चांगला नसतो.

गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी चालू होते. हे काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी पैसे मोजून शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो.

मे महिना, साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गप्प झाली. खोकणं नाही, झटका नाही. कडेला घेतली, चाळीस मिनिटं दगडावर बसलो, किल्ली फिरवली तर चालू. महिनाभरात असं तीनदा झालं. एका गॅरेजने पेट्रोलचा पंप बदलला. पुढच्या वेळी कॉइल बदलली. दोन्ही बिलं माझ्याकडे आहेत आणि दोन्ही जुने पार्टसुद्धा. ते ठणठणीत होते.

शेवटी शुक्रवार पेठेतल्या एका वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, "बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो, साहेब? हळूहळू की धाडकन?" मी काटा कधी बघितलाच नव्हता. "मग आधी बघून या."

पुढच्या वेळी बघितला. गाडी गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने घरंगळत होती, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतच होती, आणि काटा मात्र शून्यावर आडवा. इंजिन फिरतंय, पण ते फिरतंय हे कॉम्प्युटरला कळत नाहीये. काकांनी क्रँक सेन्सर काढून टेबलावर ठेवला, दोन पिनांना मल्टिमीटर लावला आणि घरातून बायकोचा हेअर ड्रायर आणला. थंड असताना ८६० ओम. ड्रायर लावल्यावर ९००, ९४०, १०१० असा आकडा चढत गेला. तांब्याची तार तापली की एवढं वाढणारच. आणि मग एकदम पडद्यावर डावीकडे एकटा "१", म्हणजे सर्किट तुटलं. आतली तार तापून प्रसरण पावली की सुटत होती, गार झाली की परत टेकत होती. ड्रायर बंद केला, चहा झाला, आकडा ८७० वर परत. काकी मात्र ड्रायरला ऑइलचा वास लागला म्हणून बराच वेळ बोलत होत्या.

तेव्हा काटा बघा. जुन्या कॉम्प्युटरवाल्या बहुतेक गाड्यांमध्ये हा काटा क्रँक सेन्सरच्या किंवा इग्निशनच्या सिग्नलवर चालतो. गाडी गिअरमध्ये असताना तो धाडकन शून्यावर आला तर सेन्सर, इग्निशन मॉड्युल किंवा त्यांची वायरिंग. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर ठिणगीचा सिग्नल शाबूत आहे, पेट्रोल तोडलंय. पेट्रोलच्या बाजूला मेन रिलेही बघा. त्यातल्या डाखणाला (सोल्डरला) केसाएवढी भेग गेली तर उन्हात तापलेल्या केबिनमध्ये रिले काम सोडतो. भिंगाखाली डाखणाभोवती बारीक वर्तुळ दिसतं. परत डाख दिला की काम झालं.

कार्ब्युरेटरवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते. पद्मिनीच्या जमान्यात पंपावर ओला फडका टाकायचे, तो उपाय आजही चालतो.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच मिसिंग येतं.

मग पेट्रोलचा विचार सोडून द्या. ठिणगी बाहेर पळतेय. कॉइल वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब तयार करते आणि प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट दिसली की करंट तिकडे वळतो. रात्री सोसायटीचा दिवा बंद करून बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि प्लग वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या रेघा नाचताना दिसतील. हात लांब ठेवा, शर्टाची बाही पंख्यापासूनही लांब. डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलची ठिणगी सगळ्या प्लगना वाटणारा) असेल तर इंजिन बंद करून कॅप काढून आतून बघा: पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ म्हणजे कॅप गेली. ती खरवडून साफ करण्यात अर्थ नाही, नवीन टाका. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असेल तर प्लगच्या विहिरीत पाणी किंवा टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं ऑइल आहे का ते बघा.

नेमकं कुठलं सिलिंडर सुटतंय हे घरी कसं ओळखू?

इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या नळीचा) वायरिंगचा कपलर काढा आणि लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की आरपीएम पडतात. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो चोर. प्लग वायर ओढून हीच परीक्षा करता येते, पण शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या डब्यात) जातं, म्हणून इंजेक्टरचाच कपलर बरा.

चोर सापडला की अदलाबदल करा. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. मिसिंग तीनवर गेलं तर कॉइल. दोनवरच राहिलं तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवा. हा एक नियम पाळला तर नवा पार्ट आणण्याआधीच उत्तर मिळतं. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी काढण्याआधी फोटो काढा. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, तो चुकला तर नवीनच आजार तयार होतो.

प्लग बघून काय कळतं?

बरंच. टोक फिकट चहाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगीच नाही, ऑइलने ओला म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्वचे सील. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर उभी काळी रेघ दिसली तर करंट बाहेरून उतरतोय. फटीचा आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. पाना लावून जोर काढायचा नाही, हेड ॲल्युमिनियमचं असतं.

चढावर किंवा जोरात पाय दाबला की झटके, एरवी छान चालते.

भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि पेट्रोलही जास्त लागतं. त्यामुळे अशक्त कॉइल आणि अशक्त पंप दोघंही कात्रजच्या जुन्या घाटातच उघडे पडतात. फरक पाठीला कळतो. ठिणगीचा झटका तुटक असतो, कोणीतरी मागून चापट मारावी तसा. पेट्रोल कमी पडलं की गाडीला धाप लागते, पाय सोडला की सावरते. खात्रीसाठी फ्युएल प्रेशर गेज लावा. मॅनिफोल्ड इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये दाब ३ बारच्या आसपास असतो. आयडलिंगला नाही, भाराखाली बघायचा. पंपाला दोष देण्याआधी फिल्टर बदला, तो स्वस्त असतो आणि कोणी बदललेला नसतो.

स्कॅनर लावला की कळेल ना?

कधी कधी. भारतात ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड कोडने सांगायची यंत्रणा, दोन टप्प्यांत सक्तीची झाली: ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांमध्ये स्वस्त ब्लूटूथवाला स्कॅनर बोलेलच असं नाही. अमेरिकेतून आलेली १९९६ नंतरची गाडी असेल तर बोलतो. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. दोन नंबरची कॉइल बदला, असा त्याचा अर्थ होत नाही. पी०३०० म्हणजे कुठलंही एक नाही, फिरतं मिसिंग. तिथे हवेची गळती, पेट्रोलचा दाब, जुनं पेट्रोल बघा. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) दिसत असेल तर तो कोडपेक्षा जास्त सांगतो: आयडलिंगला +२० टक्के आणि तीन हजारांवर शून्याच्या जवळ आला तर व्हॅक्युमची गळती. उलटं असेल तर पेट्रोल पुरत नाही.

स्कॅनर नसेल तर पीयूसीची पावती बघा. हे कोणी सांगत नाही. त्यावर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. सीओ नेहमीसारखा आणि एचसी मागच्या पावतीच्या कितीतरी पट, तर एखादं सिलिंडर सुटतंय. सीओसुद्धा चढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. जुन्या पावत्या फेकू नका.

ई२० पेट्रोलमुळे होतंय का?

सगळं खापर त्यावर फोडू नका, पण हातभार असतो. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. ऑक्सिजन सेन्सरवाला कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो. जेटवर (पेट्रोलच्या ठरावीक मापाच्या भोकावर) चालणारा कार्ब्युरेटर सांभाळत नाही, गाडी पेट्रोलला थोडी भुकेली राहते. त्याहून त्रासदायक म्हणजे जुनं रबर: पाइप मऊ पडतात आणि त्यांचे कण फिल्टर आणि जेटमध्ये अडकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा फिरवा, आणि इंधनाचे पाइप इथेनॉल चालणारे टाकून घ्या.

बॅटरी आणि वायरिंगचा काही संबंध?

आहे, आणि सगळ्यात शेवटी आठवतो. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी बघा. मग मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाच्या लोखंडावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून दिवे आणि एसी लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून परत बसवा. उंदीर हा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात त्यांना गरम इंजिन आवडतं. माझ्या इंजेक्टरच्या वायरी दोनदा खाल्ल्या, दुसऱ्या वेळी तिथे तंबाखूची पानं ठेवलेली असतानाही.

सगळं तपासलं, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी एक सिलिंडर मेलेलंच आहे.

कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पाय पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा: १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम कमी आली तर बहुधा मधलं गॅस्केट फुटलंय.

पार्ट कुठे बघायचे?

प्लग, वायरी, कॅप, रोटर, रिले यासाठी नाना पेठ. जुना पार्ट हातात घेऊन जा, नाव सांगून मिळत नाही. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काचा, बॅज, आरसे जरूर शोधा. कॉइल आणि सेन्सर तिथून घेऊ नका, ते कुणाच्या तरी गाडीतून का निघाले असतील याचा विचार करा.

मिसिंग असताना गाडी चालवली तर चालेल?

घरापर्यंत, हळू. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, तिथेच पाय सोडा. आतली जाळी वितळून चोंदली की गाडीचा दम कोंडतो आणि मग तीही बंद पडायला लागते.

घाटात बंद पडली तर?

आधी ब्रेक. इंजिन बंद झालं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्युम उरतो आणि स्टिअरिंग जड होतं. उगाच ब्रेक पंप करू नका, एकदा दाबून डावीकडे उभी करा, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा. मग किल्ली ऑन करून मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐका. येत नसेल तर फ्यूज आणि रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर काढून तिथे लावा, हॉर्नशिवाय घरी पोचता येतं. गुणगुण येतेय आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नाही, तर सेन्सरचा संशय घ्या. पाण्याच्या बाटलीने फडका भिजवून सेन्सरवर ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. माझ्या गाडीत आता प्लगचा पाना, दोन प्लग, टॉर्च, फडका आणि दहा नंबरच्या पान्याबरोबर एक नवा क्रँक सेन्सर असतो. दुकानातून आणल्यावर तो आधी ड्रायरखाली तपासून घेतला. आता ड्रायर मी स्वतःचा घेतलाय.